सालीकडून रसाकडे : अमेरिकेतील संत्र्यांच्या पक्वतेचे कायदे

लिंबूवर्गीय फळे झाडावरून उतरवल्यानंतर पिकत नाहीत. आंबा कच्चा उतरवून अढीत घातला, की त्यातल्या पिष्टाची हळूहळू साखर होते. संत्रे, मोसंबी किंवा ग्रेपफ्रूट यांच्यात असा पिष्टाचा साठाच नसतो. तोडणीच्या वेळी रसात जेवढी साखर असेल तेवढीच गिऱ्हाइकाच्या वाट्याला येते. साठवणीत आम्लता थोडी उतरते, इतकेच. त्यामुळे तोडणीची वेळ चुकली तर ती चूक नंतर कोणालाच सुधारता येत नाही.

त्यात सालीचा रंग फसवा असतो. सालीचा हिरवेपणा हरितद्रव्यामुळे येतो. रात्री गार पडू लागल्या की हरितद्रव्य विरते आणि खालची पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये दिसू लागतात. जिथे शरद ऋतूतही रात्री उबदार असतात, तिथे आतून गोड झालेले फळ बाहेरून हिरवेच राहू शकते. व्हॅलेन्सिया जातीचे पिकलेले फळ झाडावर राहिले, तर वसंतात त्याची साल पुन्हा हिरवट होते. उलट, आंबटढाण फळाला उबेने आणि वायूने चार-सहा दिवसांत पिवळे करता येते. म्हणजे हिरवे फळ कच्चेच असेल असे नाही आणि पिवळे फळ पिकलेलेच असेल असेही नाही.

अशा फळाला ‘पक्व’ केव्हा म्हणायचे, हे कायद्याने ठरवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग विसाव्या शतकात अमेरिकेतील फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया या राज्यांत झाला. या कायद्यांची मागणी आधी खाणाऱ्यांनी केली नव्हती. ती पिकवणाऱ्यांनी, आपल्याच धंद्यातल्या घाईखोरांना आवरण्यासाठी केली होती. (अमेरिकेतील ‘ऑरेंज’ हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपल्या मोसंबीच्या जातीचे फळ आहे. इथे रूढीप्रमाणे त्याला संत्रे म्हटले आहे.)

हंगामाआधीची घाई

डिसेंबर १८९४ आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये पाठोपाठ आलेल्या दोन कडाक्याच्या थंडीच्या लाटांनी फ्लोरिडातील संत्र्यांच्या बागा जवळजवळ नष्ट केल्या. त्याआधी वर्षाला ५० लाख पेट्यांच्या वर गेलेले उत्पादन पुढच्या हंगामात दीड लाख पेट्यांच्याही खाली आले. अनेक बागाईतदार दक्षिणेकडे सरकले, नव्याने लागवड झाली आणि १९०९-१० च्या सुमारास उत्पादन पुन्हा जुन्या पातळीवर पोचले.

दरम्यान कॅलिफोर्निया पुढे निघून गेला होता. ब्राझीलमधील बाहिया येथून आलेल्या आणि १८७३ मध्ये रिव्हरसाइड येथे लावलेल्या बिनबियांच्या नेव्हल जातीने तिथे मोठी बागाईत उभी केली. हिवाळ्यात नेव्हल आणि उन्हाळ्यात व्हॅलेन्सिया असा जवळजवळ वर्षभराचा पुरवठा तिथून होऊ लागला. बागाईतदारांनी १८९३ मध्ये सहकारी विक्री संघटना उभारली. पुढे ती कॅलिफोर्निया फ्रूट ग्रोअर्स एक्स्चेंज या नावाने वाढली आणि १९०८ पासून ‘सनकिस्ट’ हे नाव घेऊन जाहिरात करू लागली. फ्लोरिडाच्या बागाईतदारांनी याच नमुन्यावर १९०९ मध्ये फ्लोरिडा सायट्रस एक्स्चेंज स्थापन केले.

नव्याने भरलेल्या बाजारात पहिल्या मालाला सगळ्यांत जास्त भाव मिळे. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो येथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संत्री फारशी मिळत नसत आणि नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा सण व त्यामागून येणारा नाताळ यांसाठी मागणी मोठी असे. त्यामुळे काही व्यापारी आणि बागाईतदार फळे हिरवी असतानाच तोडून, बंद खोलीत पिवळी करून रेल्वेने रवाना करत. पहिल्या वाघिणीचे पैसे हाती येत, पण ते आंबट फळ खाल्लेले गिऱ्हाईक पुढे दोन महिने संत्र्याकडे वळत नसे. डिसेंबरात जेव्हा खरा गोड माल बाजारात येई, तेव्हा भाव पडलेला असे आणि त्याचा फटका वाट पाहणाऱ्या बागाईतदाराला बसे. एकाने केलेल्या घाईची किंमत सगळ्यांनी मोजायची, हे दुखणे सहकारी संघटनांच्या आवाक्याबाहेरचे होते, कारण संघटनेबाहेरच्या माणसावर त्यांचे बंधन चालत नव्हते. म्हणून बागाईतदारांनी विधिमंडळाचे दार ठोठावले.

१९११ : केंद्र आणि राज्य

अमेरिकेचा केंद्रीय अन्न व औषध कायदा १९०६ मध्ये झाला. त्यातील एका कलमानुसार, माल रंगवून किंवा लेप देऊन त्याचा कमअस्सलपणा लपवला असेल तर तो भेसळ ठरे. मार्च १९११ मध्ये कृषी खात्याने ‘अन्न तपासणी निर्णय क्रमांक १३३’ काढून हे कलम संत्र्यांना लावले. हिरवी, अपक्व फळे उबदार आणि दमट खोलीत ठेवून त्यांना पिवळेपणा आणणे म्हणजे दोष लपवणे होय, असे त्यात ठरवले गेले. फळाला बाहेरून रंग लावलेला नसतानाही रंगबदल भेसळीच्या व्याख्येत बसवला गेला, हे या निर्णयाचे वैशिष्ट्य होते. आता आंतरराज्य व्यापारात सापडलेला असा माल जप्त करता येऊ लागला.

त्याच वर्षी फ्लोरिडाच्या विधिमंडळाने स्वतःचा कायदा केला. अपक्व किंवा अन्य कारणाने खाण्यास अयोग्य अशी लिंबूवर्गीय फळे विकणे, पाठवणे किंवा पाठवण्यासाठी वाहतूकदाराच्या हवाली करणे हा त्यात गुन्हा ठरवला. लवकरच हा कायदा न्यायालयात गेला. एस. जे. स्लाय नावाच्या माणसाने फ्लोरिडाच्या ऑरेंज काउंटीतून अलाबामातील बर्मिंगहॅमला अपक्व संत्र्यांची एक वाघीण रवाना केल्याचा आरोप होता. अटक झाल्यावर त्याने मूलभूत आक्षेप घेतला. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असेल तर त्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यघटनेने केंद्राला दिला आहे, शिवाय केंद्राने १९०६ चा कायदा केलेलाच आहे. मग राज्य मध्ये कसे पडते, असा त्याचा सवाल होता.

‘स्लाय विरुद्ध कर्कवुड’ या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये राज्याच्या बाजूने दिला. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डे यांचे होते. लिंबूवर्गीय फळांची लागवड हा फ्लोरिडाचा एक मोठा उद्योग आहे, आणि बाहेरच्या बाजारात त्या उद्योगाची पत सांभाळण्यासाठी राज्य आपल्या हद्दीत निर्बंध घालू शकते, असा त्याचा रोख होता. आरोग्याइतकीच धंद्याची अब्रू हेही कायद्याचे वैध प्रयोजन ठरले. पुढच्या काळातील सगळ्या फळ-नियमनाचा पाया या निकालाने घातला.

आठास एक

कायदा टिकला तरी त्यातली मुख्य अडचण तशीच राहिली. ‘अपक्व’ म्हणजे काय, हे १९११ च्या कायद्यात मोजमापाने सांगितलेले नव्हते. निरीक्षकाने फळ कच्चे म्हणावे आणि व्यापाऱ्याने पक्के म्हणावे, तर न्यायालयाने कोणाचे ऐकायचे? चवीची साक्ष टिकत नाही आणि रंगाची साक्ष खोटी पाडता येते. उत्तर रसायनशास्त्राकडून आले.

फळ पिकत जाते तशी रसातली साखर वाढते आणि सायट्रिक आम्ल घटते. रसात विरघळलेल्या पदार्थांपैकी बहुतांश साखरच असते. म्हणून एकूण विद्राव्य घटकांना आम्लाने भागले, तर पक्वतेसोबत वाढत जाणारा एक आकडा मिळतो. कृषी खात्याच्या रसायन विभागाने कॅलिफोर्नियाच्या संत्र्यांसाठी १९१० च्या दशकात हा आकडा किमान ८ असावा असे ठरवले. आम्लाच्या एका भागाला विद्राव्य घटकांचे आठ भाग, असा हा ‘आठास एक’चा नियम पुढे कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्यात पक्का झाला आणि जवळजवळ शंभर वर्षे टिकला. त्याला रंगाची किमान अटही जोडलेली होती. फळाच्या पृष्ठभागाचा निदान चौथा हिस्सा पिवळसर-नारिंगी झालेला हवा. रंग आता मुख्य पुरावा राहिला नव्हता. तो रसाच्या आकड्याला जोड म्हणून उरला.

लिंबाचा प्रश्न वेगळा होता. लिंबाला गोडी नको असते, त्यामुळे गुणोत्तर तिथे निरर्थक ठरते. कॅलिफोर्नियात लिंबे रंगावर तोडतच नसत. तोडणारा मजूर हातात लोखंडी कडे बाळगी. ज्या फळाच्या आकारमानाला ते कडे बेताने बसे, ते फळ हिरवे असले तरी उतरवी. मग पॅकिंग हाउसमध्ये त्याला पिवळेपणा आणला जाई. लिंबासाठी कायद्याने रसाच्या प्रमाणाची अट घातली. आकारमानाच्या ३० टक्के रस निघाला पाहिजे, असा कॅलिफोर्नियाचा दंडक झाला.

परीक्षेची रीत

पक्वता तपासण्याची पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेत करता येण्याइतकी सोपी आहे, आणि ती मान्य होण्याचे हेही एक कारण होते. निरीक्षक मालाच्या ढिगातून ठरावीक संख्येने फळे उचलतो. नमुना वरवरच्या थरातून न घेता वेगवेगळ्या जागांहून घ्यावा लागतो. फळे आडवी कापून रस पिळतात, गाळतात आणि त्याचे माप घेतात. उंच नळकांड्यात रस ओतून त्यात ब्रिक्स हायड्रोमीटर सोडतात. रस जितका दाट, तितके हे उपकरण वर तरंगते. त्याच्या दांड्यावर रसाच्या पातळीशी जो आकडा येतो, ते विद्राव्य घटकांचे शेकडा प्रमाण. रसाच्या तापमानानुसार त्यात थोडी दुरुस्ती करावी लागते.

मग आम्ल. मोजून घेतलेल्या २५ मिलिलिटर रसात फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब टाकतात आणि ब्युरेटमधून ठरावीक तीव्रतेचे सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब सोडतात. आम्ल संपले की पुढच्या एका थेंबाने रसावर टिकून राहणारी गुलाबी छटा येते. तिथे हात थांबवायचा, किती द्रावण लागले ते वाचायचे आणि तक्त्यावरून आम्लाचे प्रमाण काढायचे. समजा, ब्रिक्स ९.६ आले आणि आम्ल १.२ टक्के निघाले. भागाकार बरोबर ८ येतो आणि माल सुटतो. आम्ल १.३ टक्के निघाले तर तोच भागाकार ७.४ च्या आत राहतो आणि माल अडतो.

ही परीक्षा कुठे घ्यायची, हाही महत्त्वाचा प्रश्न होता. शिकागोच्या बाजारात फळ कच्चे निघाले, तर तोवर भाडे भरलेले असते, माल परत नेता येत नाही आणि भांडण पाठवणारा व घेणारा यांच्यात पेटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, केंद्रीय कृषी खात्याला मोठ्या शहरांच्या बाजारात पोचलेल्या फळे-भाज्यांची तपासणी करून दाखला देण्याचा अधिकार मिळाला. १९२२ मध्ये तीच सोय माल जिथून सुटतो त्या ठिकाणीही झाली. फ्लोरिडात १९२० च्या दशकात राज्याचे निरीक्षक हंगामाच्या सुरुवातीला पॅकिंग हाउसमध्येच बसू लागले. तपासणीची फी पेटीमागे वसूल होई आणि दाखल्याशिवाय माल हलवता येत नसे. लहान गावातल्या पॅकिंग हाउसमध्ये बसलेला हा निरीक्षक एका ओळीच्या निर्णयाने वाघीणभर माल थांबवू शके.

पळवाटा

नियम मोजमापावर आला तेव्हा मोजमाप वळवण्याचे उपायही सापडले. त्यांतला सर्वांत गाजलेला उपाय शिसे आर्सेनेटचा. किडींसाठी वापरले जाणारे हे विष ग्रेपफ्रूट किंवा संत्र्याच्या झाडावर फवारले, की फळातली आम्लता घटते. साखर वाढत नाही, पण भाजक लहान झाल्यामुळे गुणोत्तर वाढते आणि कच्चे फळ कागदावर आधीच पक्व ठरते. असे फळ आंबट नसते, पण गोडही नसते. चवीला ते पाणचट लागते. फ्लोरिडाने १९२० च्या दशकात लिंबूवर्गीय फळांवर आर्सेनिकयुक्त फवाऱ्यांना बंदी घातली. पण १९२९ मध्ये तिथे भूमध्य फळमाशी सापडली आणि तिच्या निर्मूलनाच्या मोहिमेत खुद्द सरकारलाच आर्सेनिक मिसळलेले आमिष बागांवर फवारावे लागले. पुढे ग्रेपफ्रूटपुरती या फवाऱ्याला मोकळीक मिळाली, संत्र्यांवरची बंदी मात्र राहिली. या अनुभवातून दुसरा धडा घेतला गेला. नुसत्या गुणोत्तरावर न विसंबता विद्राव्य घटक, आम्ल आणि रस या तिन्हींची स्वतंत्र किमान पातळी फ्लोरिडाच्या नियमांत घालण्यात आली.

खोलीत फळ पिवळे करण्याच्या प्रथेचे पुढे वेगळेच झाले. कॅलिफोर्नियात लिंबे तंबूत रचून जवळ रॉकेलचे स्टोव्ह पेटवत. उष्णतेने आणि दमटपणाने लिंबू पिवळे होते, असा समज होता. कृषी खात्यातील सीव्हर्स आणि ट्रू या संशोधकांनी १९१२ मध्ये दाखवले, की काम उष्णतेचे नसून अर्धवट जळलेल्या रॉकेलच्या वायूंचे आहे. त्याच खात्यातील एफ. ई. डेनी यांनी १९२३-२४ च्या सुमारास त्या वायूंतला कर्ता घटक शोधून काढला. तो एथिलीन होता. हवेत अगदी अल्प प्रमाणात सोडलेला एथिलीन सालीतले हरितद्रव्य घालवतो. आतल्या रसाला त्याने गोडी येत नाही. एकदा पक्वता रसावरून ठरू लागल्यावर रंगबदलाला विरोध करण्याचे कारण उरले नाही. ज्या फळाचा रस कसोटीला उतरला आहे, त्याची साल एथिलीनने पिवळी करणे ही फसवणूक मानली जाईनाशी झाली. १९११ मध्ये जी प्रथा भेसळ ठरली होती, ती पक्व फळापुरती पॅकिंग हाउसमधली नेहमीची पायरी बनली.

थंडीने गारठलेल्या फळांनी निरीक्षणाला आणखी एक काम दिले. जानेवारी १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बागांवर मोठा हिमतडाखा बसला. गोठलेले संत्रे काही दिवस बाहेरून धडधाकट दिसते, पण आतल्या रसपिशव्या फुटून ते कोरडे पडत जाते. असा माल ओळखण्यासाठी त्याच्या हलकेपणाचा उपयोग करण्यात आला. फळे पाण्याच्या प्रवाहात सोडली, की रसाळ फळ खोल जाते आणि कोरडे लवकर वर येते. मधल्या जाळीने दोन्ही वेगळी करता येतात.

१९३५ ची संहिता

महामंदीत संत्र्यांचे भाव कोसळले. फ्लोरिडातील बागाईतदार, पॅकिंग हाउसवाले आणि डबाबंद रसाचे कारखानदार यांच्यातल्या भांडणांना कंटाळून विधिमंडळाने १९३५ मध्ये एकत्रित कायद्यांचा संच मंजूर केला आणि फ्लोरिडा सायट्रस कमिशन स्थापन केले. पक्वतेची प्रमाणे, प्रतवारी, तपासणी, व्यापाऱ्यांचे परवाने आणि जाहिरात हे सारे एका छत्राखाली आले. जाहिरातीचा खर्च प्रत्येक पेटीवरच्या करातून काढला गेला. १९४९ मध्ये या कायद्यांची फेरमांडणी होऊन ‘फ्लोरिडा सायट्रस कोड’ तयार झाले. आजही राज्याच्या कायदेसंग्रहाचे ६०१ वे प्रकरण याच विषयाचे आहे.

या संहितेतील पक्वतेची व्याख्या कॅलिफोर्नियापेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे. सालीवर रंग फुटू लागलेला असावा, एवढीच रंगाची अट. संत्र्याच्या प्रमाणित पेटीमागे किमान साडेचार गॅलन, म्हणजे सुमारे १७ लिटर रस निघाला पाहिजे. गुणोत्तराची पट्टी सरकती आहे. विद्राव्य घटक जास्त असतील तर थोडे कमी गुणोत्तर चालते, कमी असतील तर जास्त लागते. हंगामाच्या सुरुवातीचे महिने आणि नंतरचे महिने यांना वेगवेगळे आकडे लागू होतात. ग्रेपफ्रूटसाठी फळाच्या आकारानुसार रसाचे तक्ते आहेत. ऑक्टोबरातल्या घाईला वेसण घालण्याचा १९११ मधला हेतू या तारखांच्या तक्त्यांत स्पष्ट दिसतो.

रंग टाकलेली संत्री

एथिलीनने हिरवेपणा जातो, पण फ्लोरिडाच्या उबदार हवेत सालीवर मूळचाच नारिंगी रंग फिकट असतो. कॅलिफोर्नियाच्या झळझळीत फळाशेजारी ते फळ मार खाई. म्हणून १९३० च्या दशकात फ्लोरिडात संत्री तांबूस रंगाच्या गरम द्रावणातून काढण्याची प्रथा सुरू झाली. अशा फळावर ‘कलर ॲडेड’ असा शिक्का सक्तीचा होता. कॅलिफोर्नियाने आपल्याकडे ही प्रथा येऊ दिली नाही.

या रंगावरून १९५० च्या दशकात मोठा वाद झाला. तेव्हा वापरात असलेला ‘रेड ३२’ हा कोळशाच्या डांबरापासून बनवलेला रंग प्राण्यांवरील चाचण्यांत अपायकारक ठरला आणि १९५५ मध्ये सरकारने त्याची मान्यता काढली. हंगाम बुडेल या भीतीने अमेरिकी काँग्रेसने खास कायदा करून संत्र्यांसाठी त्याला १९५९ पर्यंत मुदत दिली. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये ‘फ्लेमिंग विरुद्ध फ्लोरिडा सायट्रस एक्स्चेंज’ या खटल्यात निर्णय दिला, की तेव्हाच्या कायद्यानुसार जो रंग निर्धोक नाही, त्याला थोड्या प्रमाणापुरती सूट देण्याचा अधिकार सरकारला नाही. १९५९ मध्ये ‘सायट्रस रेड २’ हा दुसरा रंग मान्य झाला. प्रक्रियेसाठी न जाणाऱ्या संत्र्यांच्या सालीवरच आणि फळाच्या वजनाच्या दशलक्षात २ भाग इतकाच तो वापरता येतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘माणसात कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेल्या’ पदार्थांच्या गटात टाकले आहे. त्याची परवानगी काढून घेण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये जाहीर केले.

कसोटीतून किंमत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्लोरिडात गोठवलेल्या दाट रसाची पद्धत शोधली गेली आणि १९४८ मध्ये तिचे पेटंट निघाले. काही वर्षांतच राज्यातील बहुतेक संत्री टोपलीऐवजी कारखान्यात जाऊ लागली. कारखान्याला सालीच्या रंगाशी कर्तव्य नसते. त्याला रसातले विद्राव्य घटक हवे असतात, कारण पाणी तर उडवूनच द्यायचे असते.

मग पक्वतेच्या परीक्षेचे रूप बदलले. कारखान्याच्या आवारात प्रत्येक ट्रकमधून नमुना काढला जातो, राज्याच्या देखरेखीखालील चाचणीगृहात रस, ब्रिक्स आणि आम्ल मोजले जाते आणि पेटीमागे किती पौंड विद्राव्य घटक निघाले यावर बागाईतदाराचे पैसे ठरतात. धंद्यात याला ‘पौंड सॉलिड’चा भाव म्हणतात. कच्चा माल रोखण्यासाठी जन्मलेली चाचणी खरेदीदार आणि विकणारा यांच्यातला तराजू बनली. निरीक्षकाला इथे महत्त्व आले ते त्रयस्थ म्हणून. फळ बागेत आठवडाभर जास्त राहिल्याचा फायदा पावतीवर दिसू लागला, तेव्हा घाई रोखायला वेगळ्या शिक्षेची गरज तेवढी राहिली नाही.

गुणोत्तराची मर्यादा

ताज्या फळांच्या बाजारात मात्र ‘आठास एक’चा दोष हळूहळू उघड होत गेला. गुणोत्तर दोन आकड्यांमधले नाते सांगते, त्यांचा भरघोसपणा सांगत नाही. ब्रिक्स ८ आणि आम्ल १ टक्का असलेले पाणचट फळ, तसेच ब्रिक्स १२ आणि आम्ल दीड टक्का असलेले भरदार फळ, दोघांचेही गुणोत्तर ८ येते. जीभ मात्र दोघांना एका मापाने तोलत नाही.

चवीच्या चाचण्यांतून दिसले, की आम्लाचा परिणाम साखरेतून वजा केल्यास खाणाऱ्यांच्या पसंतीशी आकडा अधिक जुळतो. त्या आधारावर कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये नेव्हल संत्र्यांसाठी नवे सूत्र स्वीकारले. ब्रिक्समधून आम्लाच्या चौपट वजा करायचे, बाकीला १६.५ ने गुणायचे आणि उत्तर किमान ९० हवे. वरच्या पहिल्या फळाचा आकडा या सूत्राने ६६ येतो आणि ते बाद होते. दुसऱ्याचा ९९ येतो आणि ते पास होते. ब्रिक्स १३ आणि आम्ल १.८ टक्के असलेले फळ जुन्या नियमाने ७.२ वर अडले असते; नव्या सूत्राने ते ९५.७ गुणांनी सुटते. हंगामाच्या सुरुवातीला बाजारात येणारा बेचव माल अडवणे हाच या बदलाचाही उद्देश होता.

अमेरिकेबाहेर आणि महाराष्ट्रात

युरोपीय बाजारासाठीच्या प्रमाणांत संत्र्याचे किमान गुणोत्तर ६.५ आहे, त्याबरोबर जातीनुसार किमान रसाचे शेकडा प्रमाण दिलेले आहे. सालीचा एक पंचमांशापेक्षा जास्त भाग हिरवा नसावा, ही तिथली सर्वसाधारण अट. जागतिक व्यापारासाठी ‘कोडेक्स’ या अन्नाची प्रमाणे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००४ मध्ये संत्र्यांचे जे प्रमाण काढले, त्यात मात्र उष्ण आणि दमट प्रदेशांसाठी सवलत आहे. तिथले फळ जास्त हिरवे असले तरी रसाची अट पुरी करत असेल तर चालते. या तरतुदीत ‘मोसंबी’ आणि आंध्रातील ‘सातगुडी’ या जाती नावाने नोंदलेल्या आहेत; त्यांच्या हिरवट फळाला ३३ टक्के रस पुरतो. जालना-छत्रपती संभाजीनगर पट्ट्यातील मोसंबी हिरव्या सालीतही रसाने भरलेली असते, हे आपल्या बाजाराला मुद्दाम सांगावे लागत नाही. थंड देशांच्या नजरेने लिहिलेल्या नियमांना ते नोंदवून घ्यावे लागले.

भारतात शेतमालाची प्रतवारी आणि चिन्हांकन यांचा कायदा १९३७ मध्ये झाला आणि त्यातून ‘ॲगमार्क’ आले. देशांतर्गत बाजारात संत्र्यांसाठी ही प्रतवारी प्रामुख्याने ऐच्छिक राहिली. फ्लोरिडासारखी प्रत्येक गाडीमागे रस पिळून पाहणारी व्यवस्था इथे उभी राहिली नाही. नागपूरच्या कळमना बाजारात माल आजही मुख्यतः आकार, रंग आणि तजेला पाहून पारखला जातो. विदर्भातील आंबिया बहाराचे संत्रे ऑक्टोबरपासून निघते तेव्हा थंडी पुरेशी पडलेली नसते, म्हणून आत गोडी भरली तरी साल हिरवट राहते. अशा पक्व फळासाठी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने एथिलीनने हिरवेपणा घालवण्याचे तंत्र बसवून दिले आहे. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत कार्बाइडच्या वायूने फळे पिकवण्यास बंदी आहे, तर एथिलीन दशलक्षात १०० भागांपर्यंत वापरता येतो. कच्चे फळ या मार्गाने पिवळे करून विकले जाऊ नये, यासाठी मात्र रसाच्या कसोटीखेरीज दुसरा भरवशाचा उपाय नाही.

रोगाच्या काळातील प्रमाणे

फ्लोरिडात २००५ मध्ये सायट्रस ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग आढळला. त्याने झाडे वाळतात, फळे अकाली गळतात आणि उरलेल्या फळांतली साखर घटते. १९९७-९८ च्या हंगामात राज्यात २४ कोटी ४० लाख पेट्या संत्री झाली होती. २०२२-२३ मध्ये ती सुमारे १ कोटी ५८ लाख पेट्यांवर आली; रोगाच्या जोडीला त्या वर्षी वादळांचाही मार होता.

ज्या राज्याने साखरेचे किमान प्रमाण कायद्याने बांधून दिले, तिथल्याच उद्योगाला ते गाठणे कठीण जाऊ लागले. पाश्चरीकृत संत्र्याच्या रसात किमान १०.५ ब्रिक्स असावे, अशी केंद्रीय व्याख्या १९६० च्या दशकापासून आहे. फ्लोरिडाच्या प्रक्रियादारांनी आणि बागाईतदारांनी २०२२ मध्ये ती खाली आणण्याची विनंती केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने ती १० वर आणण्याचा प्रस्ताव मांडला. १९११ मध्ये उत्पादकांनी कायदा मागितला तो घाईने तोडलेल्या फळाला बाजारातून हटवण्यासाठी. २०२२ मधली मागणी वेळेवर तोडूनही ज्याच्यात गोडी भरत नाही, त्या फळाला बाजारात जागा राहावी म्हणून होती. दोन्ही वेळी पुढाकार उत्पादकांचा होता आणि प्रश्न बाजारातल्या पतीचा होता. पक्वतेचा आकडा प्रयोगशाळेत मोजला जात असला, तरी तो कुठे ठेवायचा हे पीक, हवामान आणि व्यापार यांच्या ओढाताणीतच ठरत आले आहे.